एम-थ्रीच्या पुस्तकातला हेविसाइड कधी कॉलेजची पायरीही चढला नव्हता

कोथरूडमध्ये इंजिनिअरिंगची पोरं मोप. निकाल लागला की इथल्या अमृततुल्यवर एकच चौकशी असते, एम-थ्री सुटला का? एम-थ्री म्हणजे सेकंड इयरचा गणिताचा पेपर. त्यात डिफरन्शिअल इक्वेशन असतात आणि त्यासोबत सर्किटची गणितं. रेझिस्टर आणि कॉइल जोडलीय, स्विच ऑन केला, तर करंट किती ते काढा. गणिताच्या तासाला हे सर्किट कुठून घुसलं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

उत्तर त्याच पुस्तकात आहे. त्यातल्या युनिट स्टेप फंक्शनला हेविसाइड फंक्शन असंही म्हणतात. आधी शून्य, मग एकदम एक. म्हणजे स्विच ऑन केल्यावर होतं तेच. हे नाव ज्याचं, तो ऑलिव्हर हेविसाइड गणिताचा प्रोफेसर नव्हता. तो तारऑफिसातला माणूस होता.

१८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅमडेन टाउनमध्ये त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील लाकडावर चित्रं कोरायचे. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू कमी यायला लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पण बारावीच्या फिजिक्समध्ये ज्यांचा ब्रिज आपण शिकतो ते चार्ल्स व्हीटस्टोन त्याच्या मावशीचे यजमान होते. टेलिग्राफमधलं मोठं नाव. ऑलिव्हर त्याच क्षेत्रात गेला आणि डेन्मार्क-इंग्लंड केबलच्या कामावर लागला.

१८७४ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी त्याने नोकरी सोडली. पुन्हा कधीच केली नाही. घरात बसून मॅक्सवेलचा जाडजूड ग्रंथ वाचायचा, आणि त्यासाठी लागेल ते गणित स्वतःच शिकायचं, एवढाच उद्योग. मॅक्सवेलची समीकरणं आज चार ओळींत शिकवतात, ती या सुटसुटीत रूपात आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. स्विच दाबल्या क्षणी तारेत नेमकं काय होतं?

समजा २० व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रेझिस्टर आणि २ हेन्रीची कॉइल आहे. शेवटी करंट २ अँपिअर होणार, पण लगेच नाही, कारण कॉइल बदलाला विरोध करते. करंट किती वेगाने बदलतो ते करंटच्याच किमतीवर अवलंबून असतं. यालाच डिफरन्शिअल इक्वेशन म्हणतात. इथे ०.२ सेकंदात करंट ६३ टक्क्यांवर, म्हणजे साधारण १.२६ अँपिअरवर पोचतो. एका सेकंदात जवळपास पूर्ण.

हेविसाइडने युक्ती काढली. बदलाचा दर काढण्याच्या क्रियेला त्याने एक अक्षर दिलं आणि त्या अक्षराशी साध्या संख्येसारखं वागला. गुणायचं, भागायचं, अपूर्णांक पाडायचे. पानभर कॅल्क्युलसचं काम शाळेतल्या बीजगणितावर आलं. पोरं आज डी ऑपरेटर वापरतात, त्याचा हा जवळचा नातेवाईक. इम्पिडन्स, इंडक्टन्स हे शब्दही त्यानेच रूढ केले.

उत्तरं बरोबर येत होती. पण ती का बरोबर येतात, याची पक्की सिद्धता नव्हती. आधी वापरा, सिद्धता सावकाश येईल, ही त्याची भूमिका. गणितज्ञांना ती पटेना. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं, पण याच पद्धतीवरच्या लेखमालेचा तिसरा भाग १८९४ मध्ये छापायला नकार दिला.

इंजिनिअरांशीही वाजलं. टेलिफोनच्या लांब तारांमध्ये आवाज फाटायचा. तारेत इंडक्टन्स वाढवा, असं हेविसाइडने १८८७ मध्ये गणिताने दाखवलं. ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे इंजिनिअर विल्यम प्रीस यांचं मत बरोबर उलट होतं. या विषयावर ऑलिव्हरने भावासोबत लिहिलेला पेपर अडवला गेला. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेत कॉइल बसवण्याचं पेटंट घेतलं आणि भरपूर कमावलं. हेविसाइडला त्यातून काही मिळालं नाही. १८९६ पासून त्याला सरकारकडून वर्षाला १२० पौंड पेन्शन सुरू झाली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्कीमध्ये तो वारला. त्याआधीच, १९१६ मध्ये ब्रॉमविच या गणितज्ञाने त्याच्या पद्धतीला पक्का पाया दिला होता. पुढे लाप्लासच्या जुन्या रूपांतराच्या भाषेत ती मांडली गेली आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणून अभ्यासक्रमात आली.

म्हणजे एम-थ्रीतलं सर्किट गणिताला उदाहरण म्हणून मागून चिकटवलेलं नाही. ही पद्धत सर्किट सोडवतानाच तयार झाली. त्यामुळे आधी सर्किटमध्ये काय होईल याचा अंदाज बांधला आणि मग समीकरण मांडलं, तर हा पेपर बराच सोपा जातो.