ढग हलत नाही तेव्हा

आजचं वाचन : गणना ९:१५-२३



गेल्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही चौघं मुळशीला गेलो होतो. पौड मागे पडेपर्यंत नुसता पाऊस होता. पण धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे निघालो आणि ढग थेट रस्त्यावरच उतरला. पुढे एक एसटी होती. तिचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. ते थांबले की आम्ही थांबायचो, हलले की आम्ही हलायचो. गाडीत कोणीतरी म्हणालं, हा तर गणनेचा नववा अध्यायच चाललाय. सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. जूनमध्ये माझं काम सुटलं. हिंजवडीतली भाड्याची खोली सोडून बंगळूरला जावं की इथंच थांबावं, एवढा एकच प्रश्न मी रोज सकाळी देवापुढे ठेवते आहे. उत्तर नाही. ढग हलतच नाही.

घरी आल्यावर मी आजीचं जुनं बायबल काढलं. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं. त्यातच हा भाग पुन्हा वाचला. निवासमंडपावर दिवसा मेघ असे आणि रात्री तो अग्नीसारखा दिसे. मेघ वर गेला की इस्राएल लोक तळ हलवत, खाली राहिला की मुक्काम करत. मुक्काम कधी एका रात्रीचा, कधी दोन दिवसांचा, कधी महिन्याचा, तर कधी त्याहून मोठा. किती दिवस थांबायचं हे त्यांना आधी सांगितलं जात नसे. चालणं ही जशी आज्ञा होती, तसं थांबणंही आज्ञाच होती.

मग वाटलं, ज्या बाईने हे शब्द मराठीत आणले, तिचं आयुष्य तरी दुसरं काय होतं? म्हणून आज तुम्हाला रमाबाईंची गोष्ट सांगते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्याच पण खाली कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडलं. आईने बाळाला वेताच्या पेटीत ठेवलं आणि एका माणसाच्या डोक्यावर देऊन डोंगराखाली आणलं. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातली मोशेची पेटी आठवली ना? मला तरी आठवली.

त्यानंतर वर्षानुवर्षं तीर्थयात्रा. या गावाहून त्या गावाला पायी जायचं, देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर राहायचं. शाळा नाही, घर नाही. आई लक्ष्मीबाई लेकीला व्याकरण आणि हजारो श्लोक तोंडपाठ करून घ्यायची. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल चालले, पार पंजाब-काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून झोपले.

इथं मी थांबते, कारण इथं सोपं बोलणं मला जमत नाही. या प्रवासात देव कुठे होता? रमाबाईंना तेव्हा ना मेघ दिसत होता, ना अग्नी. ज्या देवाला शोधत होत्या, तो सापडत नव्हता. आणि मेघाच्या मागे चालणाऱ्यांपैकी तरी किती जण वाळवंटातच मेले! देव सोबत असला की दुःख येत नाही, असं बायबल कुठेच सांगत नाही. नहेम्याच्या नवव्या अध्यायात एवढंच लिहिलंय की लोकांनी वासरू केलं, बंड केलं, तरी तो मेघस्तंभ त्यांना सोडून गेला नाही.

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. वाटलं असेल, पोचलो एकदाचे. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या. पण त्या छोट्याशा संसारात एक गोष्ट घडली होती. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं.

मग पुणे, तिथे आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी वाँटेज इथे बाप्तिस्मा. पुढे अमेरिका. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, आणि लवकरच ते पुण्याला आलं. बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं उजाडलं, असंही नाही बरं का. आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त स्वतः मिळालेला नव्हता, हे रमाबाईंनी नंतर उघड मान्य केलं. त्याला पुढे आणखी आठ वर्षं लागली. मधल्या मुक्कामाचीही त्यांना लाज वाटली नाही. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून पुण्यातल्या अनेक पालकांनी मुली सदनातून काढून नेल्या. तरी त्या राहिल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. भुकेल्या मुली पाहिल्या आणि ओळखल्या, कारण वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः तशाच होत्या. निर्गम २३:९ मध्ये देव सांगतो की परक्याला छळू नका, परकेपण काय असतं हे तुम्हाला मिसर देशापासून ठाऊक आहे. रमाबाईंना ते ठाऊक होतं. शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवल्या. त्यातूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या मुळशीत अडणारे ढग तिकडे पोचेपर्यंत रिकामे होतात, इतका तो दौंडचा भाग कोरडा. तिथे त्यांनी विहिरी खणल्या.

आणि मग शेवटचं मोठं काम. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल. त्यासाठी पन्नाशीच्या सुमाराला हिब्रू आणि ग्रीक. लहानपणी रानावनात आईने पाठ करून घेतलेलं व्याकरण इथे कामाला आलं. ज्या चालण्यात देव दिसला नव्हता, त्यातलं काही वायाच गेलं नव्हतं.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, अवघी चाळीस वर्षांची. त्याच वर्षी इकडे मुळशीत, सेनापती बापटांच्या सोबत, मावळे धरणासाठी जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह करत होते. रविवारी ज्या पाण्याचे आम्ही फोटो काढले, त्याखाली त्यांची गावं आहेत. तळ हलवण्याचा हुकूम त्यांना मेघाने दिला नव्हता. म्हणून प्रत्येक विस्थापनाला देवाची योजना म्हणण्याची घाई मी करणार नाही. देव विस्थापितांबरोबर चालतो, एवढंच मी म्हणेन.

लेक गेल्यावरही रमाबाई कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये. मोशेने नबो डोंगरावरून देश पाहिला, पण पाऊल ठेवलं नाही. रमाबाईंनीही बांधलेलं पुस्तक हातात घेतलं नाही. ते माझ्या आजीने घेतलं, आणि आता मी.

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण ढग हलत नाही याचा अर्थ देव नाही, असं मी आता म्हणत नाही. ढग हलत नाही म्हणजे तो इथेच, माझ्या तंबूवर आहे. थांबलेल्या दिवसांत करण्यासारखं काम मात्र समोर आहे. सोसायटीत घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला गणित शिकवायचं मी दोन महिने पुढे ढकलतेय. उद्यापासून सुरू करते.

आज मनन करू या : मी कोणत्या मुक्कामावर अडकलेय असं मला वाटतं? आणि इथे कोणाला माझी गरज आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तू उठशील तेव्हा उठायची तयारी दे, आणि तू थांबशील तेव्हा न कुरकुरता थांबायची. पुढचा सगळा रस्ता नको, आजच्यापुरता उजेड दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.