श्रीगाडगेबाबांची शेवटची वाट

आपला मृत्यू जवळ आला हे माणसाला आधी कळते काय, हा प्रश्न आजचा नाही. चरकसंहितेतील इंद्रियस्थानाचे बारा अध्याय याच विषयाला वाहिलेले आहेत. रोग्याचा वर्ण, स्वर, छाया, स्वप्ने यांत कोणता पालट झाला म्हणजे वैद्याने काय ओळखावे, हे तेथे विस्ताराने सांगितले आहे. योगशास्त्राच्या विभूतिपादात, कर्मावर संयम केल्याने किंवा अरिष्टांवरून अंतकाळाचे ज्ञान होते असा विचार आला आहे. भागवतात परीक्षितीला सात दिवस मिळाले, खट्वांग राजाला अवघा एक मुहूर्त. आमच्या माउलींनी तर आळंदीस दिवस ठरवून समाधी घेतली. पाठशाळेत हे सारे आम्ही घोकले, पुढे कीर्तनात सांगून सांगून अंगवळणी पडले. संतांना मरण आधी कळते हे सांगताना आमची जीभ कधी अडखळली नाही. अडखळली ती कळमेश्वरात.

कळमेश्वर म्हणजे नागपूरहून काटोलकडे निघालो की लागणारे, संत्र्याच्या मुलखातले गाव. विदर्भाची पंढरी म्हणतात ते धापेवाडा याच तालुक्यात, त्यामुळे विठोबाच्या नावाला येथे श्रोते कमी पडत नाहीत. श्रीगाडगेबाबांच्या पुण्यतिथीचे कीर्तन होते. उत्तररंगात आम्ही बाबांचा शेवटचा प्रवास लावला. पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी गाडी थांबवायला लावली, आता इतक्याच घटका उरल्या असे सोबतच्यांना सांगितले, हात जोडले आणि डोळे मिटले, असे सांगितले. रंग चांगला चढला. लोकांनी डोळे पुसले.

आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली, तरी एक बाई खांबापाशी बसून होती. तिचा यजमान आदल्या वर्षी सकाळचा चहा घेऊन बागेत गेला तो तेथेच पडला. येताना खताचे पोते आणतो म्हणून सांगून गेला होता. तिने विचारले की महाराज, पुण्यवंताला आधी कळते असे तुम्ही म्हणता, मग आमच्या माणसाला काहीच कसे कळले नाही. त्याच्या पदरी काही पाप होते काय? आम्ही काहीबाही बोललो. प्रारब्ध म्हणालो, ईश्वरेच्छा म्हणालो. ती मुकाट्याने उठून गेली.

रात्रभर आम्हांला झोप नाही. कारण सांगायचे म्हणजे लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. पुलावरचे ते बोलणे कोणत्याही चरित्रात नाही. वीसेक वर्षांपूर्वी, कीर्तनाचा शेवट उठावा म्हणून, ते आम्हीच घातले होते. आणि घातले कोणाच्या तोंडी? ज्याने उभा जन्म चमत्काराच्या नादातून लोकांना बाहेर काढण्यात घालविला त्याच्या! त्या बाईच्या मनात नवऱ्याविषयी जी शंका पेरली गेली ती आमच्या त्या चार वाक्यांनी. म्हणून बाबांचे चरित्र आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. ज्यांनी बाबांना डोळ्यांनी पाहिले त्यांच्या लिखाणात आमच्यासारखी कलाकुसर नाही.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. नाव डेबूजी, आडनाव जाणोरकर, जात परिटाची. मरण या पोराला फार लवकर भेटले. बाप झिंगराजी दारूपायी गेला, तेव्हा डेबू अजाण होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला आली. तेथे त्याने गुरे राखली, नांगर धरला, आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. दारू आणि कर्ज या दोन गोष्टींवर बाबा पुढे आयुष्यभर का तुटून पडले, याचे मूळ येथे आहे. लग्न झाले, लेक झाली. बारशाला मटण आणि दारू हा जातीचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकर खायची.

गावात शिरले की आधी झाडायचे, मग रात्री कीर्तन. पाया पडू द्यायचे नाही, कोणाला शिष्य म्हणायचे नाही. ऋणमोचनला पूर्णेवर घाट, पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा, मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी आसरा. लाखांच्या इमारती उठल्या, पण बाबा झोपायचे बाहेर.

आता मुद्द्याकडे येऊ. ५ मे १९२३. कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगात आले होते. तेथे मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. घर सोडून अठरा वर्षे झाली होती, तरी बापच तो. बाबा थांबले, आणि कीर्तन पुढे चालू झाले. या प्रसंगाला आम्ही आजवर वैराग्याचा दाखला म्हणून सांगत आलो. पण या खेपेला वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, की पोटचा पोर जाताना बाबांना कसलीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. ती माणसाकरवीच कळवावी लागली. कळमेश्वरच्या त्या बाईला जसे कोणी धावत येऊन सांगितले, तसेच.

दुसरी गोष्ट कागदाची. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने संस्थांची व्यवस्था मात्र वकिलाला लाजवील अशी लावून ठेवली. आपल्या नातलगांचा यातील कशावरही हक्क नाही हे लिहून टाकले. पंढरपूरची धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन मोकळे झाले. १९५२ साली सगळ्या कामासाठी मिशन स्थापन केले. आणि आपल्याविषयी एकच बजावून ठेवले की जेथे मरण येईल तेथेच देहाची विल्हेवाट लावावी, मूर्ती, समाधी, स्मारक काही करू नये. ही बोलणी शेवटच्या आठवड्यातली नव्हेत बरं का. अंगात चालायचे बळ होते तेव्हापासूनची आहेत.

मग १९५६ साल. वय ऐंशीच्या पुढे, प्रकृती ढासळलेली. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन झाले, ते शेवटचे. त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि आजही ऐकायला मिळते. आम्ही ते त्या दिवसांत दोनदा ऐकले. शिकण्याविषयी, कर्ज न काढण्याविषयी श्रोत्यांना प्रश्न विचारीत चाललेले बाबांचे नेहमीचेच कीर्तन आहे ते. निरोप म्हणावा असे आमच्या कानाला काही लागले नाही.

६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. दोनच महिन्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, आमच्या नागपुरात त्यांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली होती. बाबांपेक्षा ते पंधरा वर्षांनी लहान. सहवासातील मंडळी सांगत, की या बातमीने बाबा खचले. ज्या हातांत पंढरपूरची इमारत निर्धास्तपणे दिली ते हात आधी गेले. मुलाच्या वेळी न थांबलेला माणूस येथे थांबला, असे आम्हांला वाटते. इतरांचे मत निराळे असू शकेल.

पुढे चौदा दिवस. २० डिसेंबरची मध्यरात्र उलटून वीस मिनिटे झाली होती. अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, गाडीतच बाबांचा प्राण गेला. एवढेच. घटकांचा हिशेब नाही, हात जोडणे नाही. देह अमरावतीस नेला, तेथे अंत्यसंस्कार झाले, आणि नको म्हटलेली समाधी लोकांनी बांधलीच. आज त्या वस्तीला गाडगेनगर म्हणतात. १९८३ साली निघालेल्या अमरावती विद्यापीठालाही पुढे बाबांचे नाव दिले गेले.

तर बाबांना कळले होते काय? दीर्घ आजारात शरीर स्वतःच सांगते. मरणोन्मुखांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका सांगतात, की पुष्कळ रुग्णांची शेवटी अन्नावरची वासना उडते, ते गावाला जायचे म्हणतात, गेलेल्या आईबापांना हाका मारतात. चरकाचार्यही रोग्याविषयीच बोलत आहेत, हे आम्ही इतकी वर्षे नीट पाहिले नव्हते. ऐंशी वर्षांच्या थकल्या देहातून बाबांनाही ते उमगले असेल, यात नवल नाही. पण चाळिशीतल्या धडधाकट माणसाचे हृदय बागेत एकाएकी बंद पडते, तेव्हा कित्येकदा त्याला सूचना नसते. तेथे पापपुण्याचा संबंध लावणे हा आमचा अपराध होता. माउलींची गोष्ट निराळी, तिच्याविषयी आम्ही बोलणार नाही. ती श्रद्धेची जागा आहे आणि तेथे आमचे डोके टेकलेलेच आहे. परंतु बाबांच्या गळ्यात ती घालायचे कारण नव्हते.

पुढच्या पुण्यतिथीला त्याच गावी, त्याच मंडपात आम्ही उभे राहिलो आणि आधी ती पुलावरची गोष्ट आमच्या पदरची होती हे कबूल केले. मंडळी जरा चुळबुळली. मृदंगवाल्याने आमच्याकडे पाहिले. मग खारेपाटणचा प्रसंग सांगितला, बाबांनाही मुलाचे कळले नव्हते हे सांगितले, आणि पेढीच्या पुलापाशी जेवढे घडले तेवढेच सांगून कीर्तन संपविले. रंग चढला नाही.

बाई आली होती, बायकांच्या रांगेत मागे. प्रसादाच्या वेळी जवळ आली. यजमानाची खताच्या दुकानातली उधारी राहिली होती, ती संत्र्याच्या यंदाच्या पैशांतून आपण फेडली, एवढेच तिने सांगितले, आणि धाकट्या लेकराला घरी एकटे ठेवून आलो म्हणून घाईने निघाली.