हकीम बू अली सीना आणि पाठीच्या कण्याचा हिशेब

शनिवार पेठेत काय किंवा पुण्याच्या कुठल्याही पेठेत काय, हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले की भिंतीवर पाठीच्या कण्याचा तक्ता दिसतोच. मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारा मज्जारज्जू आणि त्याच्या दोन्ही अंगांनी निघालेल्या नसांच्या ३१ जोड्या. हाच ३१ चा आकडा हजार वर्षांपूर्वी एका हकिमाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवला होता. त्यांचे नाव अबू अली इब्न सीना. आपल्याकडे बू अली सीना, युरोपात अविसेना. त्यांचा इंतकाल रमजान महिन्यातला, म्हणून आज त्यांची आठवण.

इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात त्यांचा जन्म झाला. वडील सामानी राज्याचे अंमलदार. दहाव्या वर्षी मुलाचे कुरआनचे शिक्षण पूर्ण झाले. मग वडिलांनी त्याला एका भाजीविक्याकडे शिकायला पाठवले, कारण त्याला हिंदुस्थानी पद्धतीचा हिशेब येत होता. आपल्याकडची आकडेमोड तेव्हा बुखाऱ्याच्या भाजीबाजारापर्यंत पोचली होती तर! सोळाव्या वर्षी जाणते वैद्य त्यांच्याकडे तिब शिकायला येऊ लागले. पुढे नूह बिन मन्सूर हा सुलतान आजारी पडला, तेव्हा या तरुणाला बोलावणे गेले आणि त्यानंतर शाही ग्रंथालयाचे दार त्यांना उघडे झाले.

सामानी राज्य कोसळल्यावर मात्र भटकंती सुरू झाली. गुरगंज, जुरजान, रय, हमदान. हमदानला ते वजीर झाले. पण सैनिक बिथरले, त्यांचे घर लुटले गेले आणि चाळीस दिवस त्यांना लपून राहावे लागले. नंतर चार महिने किल्ल्यात कैदही भोगली. दिवसा दरबार आणि रात्री शागिर्दांसोबत लेखन, असा क्रम. डोळ्यांवर झोप आली की शराबचा प्याला घेत असू, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. रमजानच्या पानावर ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या धावपळीतच ‘अल-कानून फित-तिब’ हा पाच भागांचा ग्रंथ तयार झाला.

त्याच्या पहिल्याच भागात शरीररचना येते. तिथे इब्न सीना आधी विचारतात, की मज्जारज्जू हवाच कशाला? सगळ्या नसा थेट मेंदूतून निघाल्या असत्या तर डोके फार मोठे लागले असते. पायाच्या बोटापर्यंत जाताना त्या लांब नसा वाटेत तुटल्याही असत्या. म्हणून अल्लाहने मेंदूचाच एक भाग झऱ्यातून निघालेल्या पाटासारखा खाली सोडला आणि त्याच्यापासून जागोजाग नसा फुटल्या. मग मोजणी. मानेत ८ जोड्या, पाठीत १२, कमरेत ५. इथपर्यंत आजच्या तक्त्याशी तंतोतंत जुळते. त्याखाली त्यांनी ३ आणि ३ जोड्या धरल्या व शेवटी एक एकटी नस. आज आपण तिथे ५ आणि १ मोजतो. बेरीज दोन्हीकडे ३१ च! अवयव लुळा पडला तर औषध नुसते त्या अवयवाला लावू नये, त्याची नस ज्या मणक्यापाशी उगम पावते तिथे उपचार करावा, हेही त्यांनी बजावले. कंबरेत दबलेली नस पोटरीत ठणकते, हे ज्याने भोगले आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल.

हे सारे ज्ञान त्यांचे स्वतःचे नव्हते. मूळ ग्रीक वैद्य गॅलनचे. त्याने जनावरांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या ठिकाणी कापून कुठला भाग बधिर होतो ते पाहिले होते. इब्न सीनांनी ते नीट लावले, त्यामागची कारणे मांडली, पण गॅलनवर भरवसाही जरा जास्तच ठेवला. पुढे १२४२ मध्ये इब्न नफीस यांनी याच ग्रंथाच्या शरीररचनेवर भाष्य लिहिले आणि हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताबद्दलची चूक दाखवून दिली. नसेचे पुढचे मूळ हालचालीचे आणि मागचे संवेदनेचे, हे तर १८२२ मध्ये फ्रान्सच्या माजांदीने सिद्ध केले.

‘कानून’ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शतकानुशतके शिकवला गेला. आपल्या मुलखात तो हकिमांबरोबर आला. सोळाव्या शतकात पुणे निजामशाहीत होते. तेव्हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे जात असे. दोघे एकमेकांना रोगांची आणि औषधांची नावे शिकवत, एक लॅटिन, दुसरा अरबी. आज आझम कॅम्पसच्या युनानी महाविद्यालयातले विद्यार्थी तश्रीह म्हणजे शरीररचना शिकतात, ती याच परंपरेतली.

इब्न सीनांची अखेरची वर्षे इस्फहानला गेली. तिथल्या अमिराबरोबर स्वारीवर असताना त्यांना पोटशूळ जडला. लवकर बरे व्हावे म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्याला जखम झाली. त्यातच एका नोकराने औषधात जास्त अफू घातली. हमदानला पोचेपर्यंत शक्ती सरली होती. त्यांनी औषध थांबवले, गुलाम मुक्त केले, मालमत्ता गरिबांना वाटली. चरित्रकार सांगतात, की शेवटच्या दिवसांत ते दर तीन दिवसांनी कुरआनचे एक पठण पूर्ण करत. हिजरी ४२८ च्या रमजानमध्ये, म्हणजे १०३७ च्या उन्हाळ्यात, ते गेले. त्यांची कबर हमदानमध्येच आहे.