विमानाच्या मनातलं ओळखणारा गणिती
मोबाइलवरच्या नकाशात सरकणारं विमान तुम्ही पाहिलं असेलच. ते आत्ता कुठे आहे हे दिसतं. पण पुढच्या काही सेकंदांत ते कुठे वळणार?

१९४० मध्ये हा प्रश्न जिवावरचा होता. जर्मन विमानं ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे निघून जायचं. म्हणजे नेम विमानावर धरून उपयोग नाही. ते जिथे असणार, त्या जागेवर धरायला हवा.

हे कोडं अमेरिकेत एमआयटीच्या नॉर्बर्ट वीनर यांनी हाती घेतलं. जन्म १८९४ चा. चौदाव्या वर्षी पदवी आणि अठराव्या वर्षी, म्हणजे आपण अ‍ॅडमिशनच्या धावपळीत असतो त्या वयात, हार्वर्डची पीएचडी!

जोडीला इंजिनीअर ज्युलियन बिगेलो होते. दोघांनी भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पळवून माणसांना त्याचा पाठलाग करायला लावलं. दिसलं असं, की प्रत्येकाची लकब वेगळी. पण एकाच माणसाची लकब पुन्हा पुन्हा तीच. वैमानिकाचंही तसंच. ताणाखाली तो सवयीनं वळतो, शिवाय वेगातलं विमान त्याला हवं तसं वळू देत नाही. मग मागच्या मार्गाच्या नोंदींतल्या चुका गाळून पुढचा मार्ग अंदाजता येतो. १९४२ च्या अहवालात वीनर यांनी हे गणित मांडलं. ते इतकं अवघड, की पिवळ्या कव्हरमुळे इंजिनीअर मंडळी त्याला ‘पिवळं संकट’ म्हणायची.

यंत्र मात्र युद्धात उतरलंच नाही. साध्या पद्धतींपेक्षा त्याचा फायदा जेमतेम निघाला. पण गणित टिकलं. गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढणारा ‘वीनर फिल्टर’ आजही इंजिनीअरिंगला शिकवतात. माणूस आणि यंत्र दोघंही चुकीतून स्वतःला सुधारतात, या विचारातून १९४८ मध्ये त्यांचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. पुढे १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले.

खरी कसोटी त्याआधीच लागली होती. हिरोशिमानंतर क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकानं त्यांच्याकडे तोच युद्धकाळातला अहवाल मागितला. वीनर यांनी सरळ नकार दिला आणि १९४७ मध्ये तो जाहीर छापूनही आणला. ज्या हातांत तो पडणार, त्यांचा हेतू त्यांना दिसत होता.

१९६४ मध्ये स्टॉकहोममध्ये ते गेले. विमानाची पुढची वाट शोधणाऱ्या या माणसानं आपल्या संशोधनाची पुढची वाटही वेळीच ओळखली होती.