अर्धवट राहिलेली पदवी

परमपूज्य बाबासाहेबांच्या नावापुढील पदव्या आपण अभिमानाने उच्चारतो. परंतु त्यांतील एका पदवीचा अभ्यास मध्येच सुटला होता, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. होऊन पुढील वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. तेथे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. त्यांचे ग्रंथ आणणारे जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्यात नोकरी होती, पण या विद्वानाला राहायला जागा मिळेना; जात आडवी आली.

लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची सवलत दिली होती. ती मुदत डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली व पगारातून शिल्लक टाकली. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाईंनी काटकसरीने संसार रेटला. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली.

माणच्या शिवारात आज संगणक कंपन्यांचे मनोरे उभे आहेत. आपल्या मुलांना परदेश दूर वाटत नाही. त्यांपैकी कोणाचे शिक्षण पैशाअभावी थांबले, तर ते संपले असे आपण मानू नये. परतीची वाट बाबासाहेबांनी जिद्दीने काढली, तरी तिला मदतीचे हात लागले होते. ते हात होणे हे आपले, माजी विद्यार्थ्यांचे आणि समाजाचे, कर्तव्य आहे.