विष्णुपंत छत्रे : ग्वाल्हेरच्या शिदोरीवर उभी राहिलेली सर्कस

भारतीय सर्कशीचे जनक म्हणून विष्णुपंत मोरेश्वर छत्रे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची घडण मात्र आपल्या ग्वाल्हेरात झाली, हे नव्या पिढीतील अनेकांना माहीत नसते.

विष्णुपंतांचा जन्म १८४० चा, सांगलीजवळच्या अंकलखोपचा. त्यांना वेडे दोनच : गाणे आणि घोडे. दोन्हींची तालीम त्यांना ग्वाल्हेरात मिळाली. गाणे ते हद्दू खाँसाहेबांकडे शिकले आणि अश्वविद्या बाबासाहेब आपट्यांकडे.

चाबूकस्वाराचे काम नुसते खोगिरावर टिकून राहण्याचे नसते. कदम, दुडकी, रहवाल, भरधाव अशी प्रत्येक चाल घोड्याला वेगळी शिकवावी लागते. लगामाचा हलका ओढा, मांडीचा दाब, आवाजातला फरक एवढ्या खुणेवर त्याने चाल बदलायची आणि लय मोडू द्यायची नाही. घाई केली की घोडा बिथरतो. हीही विद्या रियाजाचीच.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाड संस्थानच्या पागेत होते. १८७९ मध्ये मुंबईत चिरीनी यांची इटालियन सर्कस आली. तिच्यासारखे खेळ करणे हिंदी माणसांना जमणार नाही, असे चिरीनींनी हिणवले आणि विष्णुपंतांनी ते मनावर घेतले, अशी हकिकत सांगतात. चिरीनींचे सामान विकत घेऊन त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभारली. तिचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी मुंबईत झाला. घोड्यांची कामे विष्णुपंत स्वतः करीत.

सर्कस दूरदूर फिरली. केरळात तेलिचेरीला कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकांशी विष्णुपंतांची गाठ पडली. त्यांनी पुढे सर्कशीचे कलावंत तयार केले आणि केरळ सर्कशीचे माहेरघर बनले.

गाण्याचे ऋणही विष्णुपंत विसरले नाहीत. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ अलौकिक गळ्याचे, पण मनाचा तोल गेलेले. ते काशीला हलाखीत भटकत असताना विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले, सांभाळले आणि पुन्हा मैफलीत बसवले. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. विष्णुपंतांच्या मागे बंधू काशिनाथपंतांनी सर्कस चालवली आणि खाँसाहेबांनाही सांभाळले. १९२२ मध्ये खाँसाहेब कुरुंदवाडला वारले. तोवर गुरुपुत्राला छत्र्यांचे घर अंतरले नव्हते.