कुंदगोळचे सवाई गंधर्व

हुबळीहून बंगळूरकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे थोड्याच वेळात कुंदगोळ हे लहानसे स्थानक लागते. याच गावी १९ जानेवारी १८८६ रोजी रामचंद्र गणेश सौंशी यांचा जन्म झाला. रामभाऊ कुंदगोळकर अथवा सवाई गंधर्व या नावाने पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

त्यांचे वडील गावच्या नाडगीर घराण्याकडे कारकून होते. मुलाने शिकून मोठे व्हावे म्हणून त्यांनी रामभाऊंना हुबळीच्या शाळेत घातले. परंतु मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा सुरांकडे अधिक. तेव्हा त्यांनी बळवंतराव कोल्हटकरांकडे त्याच्या गायनशिक्षणाची सोय केली. पुढे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखाँ यांचे गाणे कानी पडले आणि रामभाऊंनी त्यांचेच शिष्यत्व पत्करले.

वयात येताना रामभाऊंच्या आवाजातील मूळची कोवळीक हरपली. गळा हट्टी झाला. मैफलीत तो वळणावर येण्यास बराच वेळ लागे. त्यांनी मेहनतीच्या बळावर त्याला वश करून घेतले. मात्र गुरूंची इच्छा नसतानाही ते नाटक मंडळीत शिरले.

त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत रामभाऊंनी अशा भूमिकांत मोठाच लौकिक मिळविला. ज्याची घरची भाषा कानडी, त्याच्या मराठी पदांवर मराठी प्रेक्षक लुब्ध व्हावेत, ही लहान गोष्ट नव्हे! बालगंधर्वांची कीर्ती सर्वत्र दुमदुमत असताना रसिकांनी रामभाऊंना 'सवाई' म्हटले. सवाई म्हणजे सव्वापट. त्यांच्या गायनाच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

परंतु लोकप्रियतेला भरती असते तशी ओहोटीही असते. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले. प्रेक्षक तिकडे वळला. संगीत नाटकांचे वैभव ओसरले आणि स्त्रीवेषातील गायक नटांचा काळ सरला. रामभाऊ मैफलीत गात राहिले. पण १९४२ साली अर्धांगवायूचा झटका आला आणि तेही गाणे थांबले.

येथे एखाद्या नटाची कथा संपली असती. रामभाऊंची संपली नाही. कारण टाळ्यांचा ओघ आटत असता त्यांनी विद्यादानाचा ओघ वाढविला होता. हुबळीच्या गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला येऊन शिकत. गदगचे भीमसेन जोशी गुरुगृही राहून पाणी भरीत आणि विद्या घेत. फिरोज दस्तूर व बसवराज राजगुरू हेही त्यांचेच शिष्य. एकेक स्वर घोटून घेतल्यावाचून ते शिष्याला पुढे जाऊ देत नसत.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनांनी तो अनेक वर्षे निष्ठेने चालविला. गंगूबाईंना २००२ साली पद्मविभूषण, तर भीमसेनांना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले.

विद्यार्थी मित्रहो, नाटकगृहातील त्या टाळ्या आज कोणास ऐकू येत नाहीत. कुंदगोळच्या घरात पहाटे घोटलेले स्वर मात्र शिष्यांच्या शिष्यांच्या कंठातून अजूनही ऐकू येतात.